मीतिच, राय्को

मीतिच, राय्को : (१९ नोव्हेंबर १९२२–२९ मार्च २००८). यूगोस्लाव्हियाचा विख्यात सर्बियन फुटबॉलपटू आणि पुढे त्याच देशाच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक. बेलग्रेड येथील ‘त्सर्वेना झ्वेझ्दा’ म्हणजेच ‘रेड स्टार’ या क्लबचा तो पहिला मोठा खेळाडू होय. या क्लबच्या स्थापनेपासून १९५८ मध्ये निवृत्त होईपर्यंत तो अन्य कोणत्याही क्लबकडून खेळला नाही. यूगोस्लाव्हियाकडून तो १९४६–५७ या काळात ५९ आंतरराष्ट्रीय सामने खेळला व त्यांत त्याने ३२ गोल केले. लंडन (१९४८) व हेल्सिंकी (१९५२) या दोन्ही ऑलिंपिक स्पर्धांत त्याला रौप्यपदक मिळाले, तर त्याच्या मार्गदर्शनाखालील संघ १९६८ च्या यूरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत उपविजयी ठरला. अंतिम सामन्यापर्यंत तीनदा जाऊनही तिन्ही वेळा पराभव पदरी यावा, ही त्याच्या कारकीर्दीतील ठळक गोष्ट. त्यामुळे त्याचे नाव विजेत्यांच्या यादीत क्वचितच आढळते. परंतु त्या पराभवांची कारणे पाहिली, तर त्याच्या गुणवत्तेइतकीच त्या काळातील खेळाच्या नियमांची ओळख पटते.

मीतिचचा जन्म बानात प्रदेशात पांचेव्हो या शहराजवळील दोलोव्हो या गावी झाला. दुसऱ्या महायुद्धापूर्वी तो बेलग्रेडच्या ‘बी. एस्. के.’ या क्लबमध्ये दाखल झाला. बेलग्रेडमध्ये त्या वेळी दोन क्लबांचे वर्चस्व होते; एक ‘बी. एस्. के.’ व दुसरा ‘यूगोस्लाव्हिया’. तो वयात येत होता तेव्हाच, एप्रिल १९४१ मध्ये, जर्मनीने बेलग्रेडवर बाँबवर्षाव करून देश व्यापला. खेळाडूच्या घडणीची वर्षे अशा रीतीने परकीय अंमलाखाली गेली. युद्ध संपत असताना नव्या साम्यवादी राजवटीने युद्धपूर्व क्लब बरखास्त केले. ४ मार्च १९४५ रोजी फॅसिस्टविरोधी तरुणांच्या संघटनेतून रेड स्टार क्लब स्थापन झाला. त्याला ‘यूगोस्लाव्हिया’ क्लबचे मैदान व तांबडा-पांढरा रंग वारसाहक्काने मिळाला. मीतिच या नव्या क्लबच्या पहिल्या खेळाडूंपैकी एक होता. जुन्या निष्ठा मोडून पडलेल्या शहरात नव्या क्लबला प्रेक्षक मिळवून देण्याचे काम मुख्यतः त्याच्या खेळाने केले, असे म्हणण्यास हरकत नाही.

त्या काळात आघाडीच्या फळीत पाच खेळाडू असत. त्यांपैकी मधला व दोन्ही कडांचे खेळाडू गोल करण्यासाठी पुढे राहत. त्यांच्यामध्ये, किंचित मागे राहून, चेंडू पुढे नेणारे दोन खेळाडू असत. मीतिच यांपैकी उजव्या बाजूचा, म्हणजे ‘इनसाइड राइट’ या जागेवरचा खेळाडू होता. मधल्या फळीकडून चेंडू घ्यावयाचा, प्रतिपक्षाचा बचाव एका बाजूस ओढून घ्यावयाचा आणि मोकळ्या झालेल्या सहकाऱ्याकडे तो नेमका पोहोचवावयाचा, हे या जागेचे काम. त्याची चेंडूवरील पकड उत्तम होती. स्वतः गोल करण्याची संधी असतानाही चेंडू दुसऱ्याला देण्याची त्याची वृत्ती होती आणि तरीही त्याच्या नावावर एवढे गोल आहेत. राष्ट्रीय संघात त्याच्या जोडीला स्त्येपान बोबेक खेळे. बोबेक हा रेड स्टारच्या कट्टर प्रतिस्पर्धी ‘पार्टिझान’ क्लबचा. एरवी बेलग्रेडच्या मैदानावर एकमेकांसमोर उभे ठाकणारे हे दोघे राष्ट्रीय संघात मात्र एकमेकांस पूरक ठरले. त्यांच्यासह ब्रांको झेबेत्स, बेर्नार्द व्हुकास, झ्लात्को चायकोव्हस्की व गोलरक्षक व्लादिमिर बेआरा यांचा तो संघ यूरोपातील अग्रगण्य संघांत गणला जाई. सर्ब, क्रोएट आदी निरनिराळ्या लोकसमूहांतील खेळाडू त्यात होते आणि राज्यकर्त्यांच्या दृष्टीने नव्या संघराज्याचे ते एक दृश्य प्रतीक होते.

लंडन ऑलिंपिकमध्ये यूगोस्लाव्हियाने उपांत्य सामन्यात ग्रेट ब्रिटनचा ३–१ असा पराभव केला. त्यांतील तिसरा गोल मीतिचचा होता. अंतिम सामन्यात मात्र गुनार ग्रेन व गुनार नोर्डाल या खेळाडूंच्या स्वीडनने यूगोस्लाव्हियावर ३–१ अशी मात केली.

त्यानंतर दोन वर्षांनी ब्राझीलमध्ये झालेली विश्वचषक स्पर्धा मीतिचच्या नावाशी कायमची निगडित झाली आहे. यूगोस्लाव्हियाने स्वित्झर्लंडचा ३–० व मेक्सिकोचा ४–१ असा पराभव केला होता. ब्राझीलला स्वित्झर्लंडविरुद्ध २–२ अशी बरोबरी पतकरावी लागली होती. प्रत्येक गटातून केवळ एकच संघ पुढे जाणार होता. त्यामुळे १ जुलै १९५० रोजी रीओ दे जानेरो येथील माराकाना मैदानावर यूगोस्लाव्हियाला बरोबरीदेखील पुरेशी होती. ब्राझीलला मात्र विजयच हवा होता. सु. १,४२,००० प्रेक्षक उपस्थित होते. मैदान नुकतेच उभारलेले असून काही भागांचे काम अपुरेच होते. खेळाडू पोशाखगृहातून मैदानाकडे निघाले असता एका उघड्या लोखंडी तुळईवर मीतिचचे डोके आपटले व जखमेतून रक्त वाहू लागले. बदली खेळाडू घेण्याची सोय त्या काळच्या नियमांत नव्हती. जखमेवर उपचार होईपर्यंत सामना थांबवावा ही विनंती वेल्श पंच मर्व्हिन ग्रिफिथ्स यांनी मान्य केली नाही आणि यूगोस्लाव्हियाला दहा खेळाडूंनिशी खेळ सुरू करावा लागला. चौथ्याच मिनिटाला आदेमीरने ब्राझीलचा पहिला गोल केला. त्यानंतर मीतिच डोक्याला पट्टी बांधून मैदानात उतरला व शेवटपर्यंत खेळला. संघ पूर्ण झाल्यावर यूगोस्लाव्हियाने ब्राझीलला बराच वेळ झुंजविले. परंतु उत्तरार्धात झिझिन्योने दुसरा गोल करून निकाल निश्चित केला. पंचांनी नियमांचे उल्लंघन केले असे म्हणता येत नाही. मात्र ज्या सामन्यात एका बाजूस बरोबरीही पुरत होती, त्याची पहिली काही मिनिटे दहा विरुद्ध अकरा अशी खेळली गेली, हेही नाकारता येत नाही. याच ब्राझीलला दोन आठवड्यांनी त्याच मैदानावर यूरुग्वायकडून हार पतकरावी लागली.

हेल्सिंकी ऑलिंपिकमधील यूगोस्लाव्हियाचा पहिला सामना भारताशी झाला. सैयद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली व शैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखाली गेलेल्या भारतीय संघातील बरेच खेळाडू अनवाणी खेळले. फिनलंडच्या थंड हवेत व ओलसर गवतावर त्यांचा निभाव लागला नाही. यूगोस्लाव्हियाने १०–१ असा विजय मिळविला. मीतिच गोल करणाऱ्यांपैकी एक होता. भारताचा एकमेव गोल अहमद खान यांनी सामना संपता संपता केला. या पराभवानंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने खेळाडूंना बूट सक्तीचे केले. मीतिचच्या संघाचा भारतीय फुटबॉलवर झालेला हा परिणाम अप्रत्यक्ष असला, तरी दूरगामी होता.

पुढचा सामना निव्वळ खेळाचा राहिला नाही. जून १९४८ मध्ये स्टालिनने यूगोस्लाव्हियाला साम्यवादी पक्षांच्या ‘कॉमिनफॉर्म’ या संघटनेतून बाहेर काढले होते. तेव्हापासून दोन्ही देशांचे संबंध शत्रुत्वाचे होते. सोव्हिएट संघ प्रथमच ऑलिंपिकमध्ये उतरला होता आणि योगायोगाने या दोघांची गाठ पडली. २० जुलै १९५२ रोजी टांपेरे येथे झालेल्या या सामन्यात मीतिचने गोलांचा आरंभ केला. तासाभराच्या खेळानंतर यूगोस्लाव्हिया ५–१ असा आघाडीवर होता. परंतु व्ह्सेव्होलोद बोब्रोव्हने सामन्यात एकूण तीन गोल केले व सोव्हिएट संघाने अखेरच्या क्षणी ५–५ अशी बरोबरी साधली. जादा वेळेतही निकाल न लागल्याने दोन दिवसांनी सामना पुन्हा खेळविण्यात आला. चार गोलांची आघाडी गमावलेल्या संघाचे मनोधैर्य खचले असेल असा तर्क होता. परंतु यूगोस्लाव्हियाने ३–१ असा विजय मिळविला. एका गोलाने मागे पडल्यावर बरोबरी साधून देणारा गोल मीतिचचाच होता. मायदेशी या विजयाचा उत्सव झाला. सोव्हिएट संघात मात्र या पराभवाची जबर किंमत मोजावी लागली : बहुसंख्य खेळाडू व प्रशिक्षक ज्या क्लबचे मानले गेले, तो सैन्यदलाचा प्रसिद्ध क्लब बरखास्त करण्यात आला. फुटबॉलच्या निकालावरून अशी राजकीय शिक्षा झाल्याची उदाहरणे थोडी आहेत.

त्यानंतर डेन्मार्क व जर्मनी यांना हरवून यूगोस्लाव्हिया अंतिम सामन्यात पोहोचला. जर्मनीविरुद्ध मीतिचने दोन गोल केले. सर्वाधिक गोल करणाऱ्यांत त्याचे व झेबेत्सचे नाव प्रत्येकी सात गोलांसह बरोबरीने घेतले जाते. तथापि अंतिम सामन्यात समोर हंगेरी होता. फेरेंत्स पुश्काशचा पेनल्टीचा फटका बेआराने अडविला. पण पुढे पुश्काश व झोल्तान त्सिबोर यांनी गोल केले व हंगेरीने २–० असा विजय मिळविला. या पराभवात दैवाचा भाग नव्हता. तो हंगेरियन संघ त्या काळात सर्वश्रेष्ठ होता व पुढच्याच वर्षी त्याने इंग्लंडला वेम्ब्ली मैदानावर ६–३ असे हरविले. १९५४ च्या विश्वचषक स्पर्धेतही मीतिच खेळला. उपांत्यपूर्व सामन्यात यूगोस्लाव्हिया पश्चिम जर्मनीकडून ०–२ असा पराभूत झाला.

क्लबच्या सामन्यांत मात्र यशाची वाण नव्हती. १९४८, १९४९ व १९५० अशी लागोपाठ तीन वर्षे रेड स्टारने यूगोस्लाव्ह चषक जिंकला. १९५१ मध्ये प्रथमच राष्ट्रीय विजेतेपद आणि नंतर १९५३, १९५६ व १९५७ मध्येही ते मिळाले. मैत्रीपूर्ण सामने धरून क्लबकडून तो एकूण ५७२ सामने खेळला व त्यांत त्याने २६२ गोल केले, अशी नोंद आहे. कारकीर्दीच्या उत्तरार्धात तो आघाडीकडून मधल्या फळीत आला. क्लबांच्या यूरोपीय चषक स्पर्धेत १९५७ मध्ये रेड स्टार उपांत्य फेरीपर्यंत गेला. पुढील वर्षी त्याची गाठ मँचेस्टर युनायटेडशी पडली. मँचेस्टर येथे १–२ असा पराभव झाल्यानंतर ५ फेब्रुवारी १९५८ रोजी बेलग्रेडमध्ये दुसरा सामना झाला. पूर्वार्धातच ०–३ असा मागे पडूनही रेड स्टारने ३–३ अशी बरोबरी साधली. मात्र दोन सामन्यांच्या एकत्रित गोलसंख्येवर मँचेस्टर युनायटेड पुढे गेला. मीतिच या सामन्यात खेळला होता. दुसऱ्याच दिवशी मायदेशी परतणाऱ्या इंग्रज संघाच्या विमानाला म्यूनिक येथे अपघात होऊन त्यात आठ खेळाडूंसह २३ जण मृत्यू पावले. ज्यांच्याशी आदल्या दिवशी सामना झाला, ते असे गेल्याने बेलग्रेडमध्येही शोककळा पसरली. त्याच वर्षी रेड स्टारने पुन्हा यूगोस्लाव्ह चषक जिंकला व मीतिच खेळातून निवृत्त झाला.

निवृत्तीनंतर तो क्लबच्या व्यवस्थापनात तांत्रिक संचालक होता. १९६० च्या दशकात यूगोस्लाव्हियाच्या राष्ट्रीय संघाची जबाबदारी काही काळ एकाच व्यक्तीकडे नसून निवड समितीकडे असे. १९६७ पासून ती मीतिचकडे आली. त्याने तरुण खेळाडूंवर भर दिला. त्याच्या हाती डाव्या कडेचा अलौकिक खेळाडू द्रागान जायिच व कल्पक इव्हित्सा ओसिम हे दोघे होते. यूरोपीय अजिंक्यपद स्पर्धेच्या पात्रताफेरीत पश्चिम जर्मनी व अल्बेनिया हे प्रतिस्पर्धी होते. बेलग्रेडमध्ये १–० असा जर्मनीवर विजय व हँबर्गमध्ये १–३ असा पराभव झाल्यानंतर सर्व काही जर्मनीच्या हाती होते : डिसेंबर १९६७ मध्ये तिराना येथे अल्बेनियाला हरविले की झाले. याच अल्बेनियाला जर्मनीने पूर्वी ६–० असे हरविले होते. तिरानातील सामना मात्र ०–० असा बरोबरीत सुटला व यूगोस्लाव्हिया पुढे गेला. उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सविरुद्ध मार्सेय येथे १–१ अशी बरोबरी व बेलग्रेडमध्ये ५–१ असा विजय मिळाला.

अंतिम टप्प्यातील चार संघ जून १९६८ मध्ये इटलीत एकत्र आले. ५ जून रोजी फ्लॉरेन्स येथे यूगोस्लाव्हियाची गाठ तत्कालीन विश्वविजेत्या इंग्लंडशी पडली. सामना अत्यंत धसमुसळेपणाने खेळला गेला. त्यात ओसिम जायबंदी झाला व पुढे खेळण्यास असमर्थ ठरला. शेवटची काही मिनिटे उरली असताना जायिचने एकमेव गोल केला. त्यानंतर इंग्लंडच्या अ‍ॅलन मलेरीला मैदानाबाहेर काढण्यात आले. आंतरराष्ट्रीय सामन्यात अशी शिक्षा झालेला तो पहिला इंग्रज खेळाडू. त्याच दिवशी नेपल्समध्ये इटली व सोव्हिएट संघ यांच्यातील सामना जादा वेळेनंतरही ०–० असा राहिला. पेनल्टी फटक्यांनी निकाल लावण्याची पद्धत अद्याप रूढ झाली नव्हती. म्हणून नाणेफेक करण्यात आली आणि इटली अंतिम सामन्यात गेला.

८ जून रोजी रोममधील अंतिम सामन्यात ओसिमशिवाय खेळूनही यूगोस्लाव्हियाने वर्चस्व गाजविले. जायिचने ३९ व्या मिनिटाला गोल केला. सामना संपण्यास दहा मिनिटे उरली असता आंजेलो दोमेंगीनीने मुक्त फटक्यावर इटलीला बरोबरी साधून दिली. बचावाची भिंत अजून नीट उभी राहिली नसताना हा फटका मारू दिला, अशी यूगोस्लाव्ह पक्षाची तक्रार होती. स्विस पंच गॉटफ्रीड डीन्स्ट यांच्या अन्य काही निर्णयांबद्दलही बरीच टीका झाली. १९६६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील वादग्रस्त गोलाचा निर्णय देणारे पंच ते हेच. जादा वेळेतही १–१ अशी बरोबरी कायम राहिली. अंतिम सामन्यासाठी नाणेफेक न करता तो पुन्हा खेळवावा असा नियम होता. त्यानुसार दोनच दिवसांनी, १० जून रोजी, दुसरा सामना झाला. इटलीने पाच नवे, ताज्या दमाचे खेळाडू मैदानात उतरविले. त्यांत साँद्रो माझ्झोला व जीजी रीवा यांचा समावेश होता. मीतिचला आपल्या संघात केवळ एकच बदल करता आला. सहा दिवसांत तिसरा सामना खेळणारे त्याचे खेळाडू थकले होते. रीवा व प्येत्रो अनास्तासी यांनी पहिल्या अर्ध्या तासातच गोल केले आणि इटलीने २–० असा विजय मिळविला. फेरसामन्याच्या पद्धतीचा फायदा अर्थातच ज्याच्याकडे राखीव खेळाडूंची संपन्नता अधिक, त्याला मिळतो. शनिवारी जो सामना यूगोस्लाव्हियाने जवळजवळ जिंकला होता, तो सोमवारी इटलीच्या राखीव बळाने हिरावून घेतला. यूरोपीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना पुन्हा खेळविण्याचा हा एकमेव प्रसंग होय.

यानंतरची दोन वर्षे मीतिचला फारशी अनुकूल गेली नाहीत. १९७० च्या विश्वचषकाच्या पात्रताफेरीत बेल्जियम, स्पेन व फिनलंड हे गटात होते. ब्रसेल्स येथे ०–३ असा पराभव झाला व स्पेनविरुद्ध बेलग्रेडमध्ये बरोबरी आणि बार्सेलोनात १–२ अशी हार पतकरावी लागली. फिनलंडवर मिळविलेला ९–१ असा विजय किंवा अखेरीस बेल्जियमला ४–० असे हरविणे या गोष्टी उपयोगी पडल्या नाहीत. गटातून बेल्जियम पुढे गेला. १९७० मध्ये मीतिचचे राष्ट्रीय संघाचे काम संपले. १९७१ पासून ते व्हुयादिन बोश्कोव्हने सांभाळले. हेल्सिंकीच्या रौप्यपदकविजेत्या संघात बोश्कोव्ह मीतिचचा सहकारी होता. प्रशिक्षक या नात्याने बोश्कोव्हची कीर्ती पुढे स्पेन व इटली येथील क्लबांत मीतिचहून कितीतरी अधिक पसरली. जायबंदी ओसिमदेखील पुढे, १९८६–९२ या काळात, यूगोस्लाव्हियाचा प्रशिक्षक झाला. मीतिचने मात्र परदेशी क्लबांची वाट धरली नाही.

रेड स्टारने आपल्या निवडक खेळाडूंना ‘झ्वेझ्दाचा तारा’ असा बहुमान दिला आहे. मीतिच त्याचा पहिला मानकरी. त्याच्यानंतर द्रागोस्लाव्ह शेकुलारात्स, जायिच, व्लादिमिर पेत्रोव्हिच व द्रागान स्तोयकोव्हिच यांना तो मिळाला, तर सहावा बहुमान १९९१ मध्ये यूरोपीय चषक जिंकणाऱ्या संपूर्ण संघाला देण्यात आला. यांपैकी स्तोयकोव्हिचने मीतिचप्रमाणेच राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद भूषविले (२०२१–२५) व सर्बियाला २०२२ च्या विश्वचषक स्पर्धेपर्यंत नेले. मीतिच ज्या संघराज्याकडून खेळला, ते १९९० च्या दशकात युद्धात विघटित झाले. त्याच्या संघातील सहकाऱ्यांच्या जन्मभूमी वेगवेगळ्या राष्ट्रांत विभागल्या गेल्या.

मीतिच बेलग्रेड येथे मृत्यू पावला. रेड स्टारचे १९६३ मध्ये खुले झालेले मैदान पूर्वीच्या ‘यूगोस्लाव्हिया’ क्लबच्याच जागेवर आहे. त्याच्या प्रचंड आकारामुळे लोकांनी त्याला ‘माराकाना’ असे टोपणनाव दिले. २०१४ मध्ये या मैदानाला अधिकृतपणे राय्को मीतिचचे नाव देण्यात आले. टोपणनावही लोकांच्या तोंडी राहिले आहे.